दादाची लाठी, ताईचं सोंग

डॉक्टर मुलगी चांगली होती. तिच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं, तरी मी रागावले.

दादरच्या दवाखान्यात आम्ही तिघी तिच्यासमोर बसलो होतो. माझी भाची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, आता तीही साठी ओलांडलेली. तिची लेक, जिच्या डाव्या डोळ्यापुढे काही आठवडे धुकं होतं आणि जिच्या मेंदूच्या फोटोत पांढरे ठिपके निघाले होते. आणि मी, ऐंशीच्या पलीकडे गेलेली मावशी. रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरने नीट समजावून सांगितलं, की वायरवरचं आवरण जागोजाग उडावं तसं ह्या रोगात नसांवरचं आवरण उडतं, मग कधी डोळा मंदावतो, कधी पाय ऐकत नाही, कधी आपोआप बरं वाटतं आणि पुन्हा उलटतं. आता औषधं आहेत, घाबरू नका, असंही म्हणाली.

मग तिने विचारलं, "घरात आधी कुणाला होतं?"

"माझ्या मामाला होतं," भाची म्हणाली. "बाकी कुणाला नाही."

डॉक्टरने ते कॉम्प्युटरवर टिपलं आणि टिपता टिपता सहज म्हणाली, "गंमत आहे. जुन्या नोंदी बघितल्या तर बायका आणि पुरुष जवळजवळ बरोबरीने दिसतात. आता बायकाच कितीतरी जास्त. दर पिढीला फरक वाढतच गेलाय."

"का?" मी विचारलं.

"वाढलंय हे खरंच, आजी. का वाढलं, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

बरोबरीने, म्हणे. त्या जुन्या नोंदींतला एक पुरुष आमच्या लालबागच्या खोलीतून गेला होता. तो नोंदीत कसा गेला आणि त्याच खोलीतली बाई कशी राहिली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमची गिरणी कामगारांची चाळ. लांबच लांब गॅलरी, टोकाला नळ. खोलीत आई, बाबा, दादा, ताई आणि सगळ्यांत धाकटी मी. बाबा आणि दादा एकाच गिरणीत साच्यांवर होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. घरात आईची बोली मालवणी, आमची अर्धी मालवणी, अर्धी मुंबईची. ताईला वरळीला दिली होती आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती आमच्याकडे आली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते ते. भिंती गेरूच्या घोषणांनी लाल झालेल्या. पाळी सुटली की माणसं घरी यायच्या आधी सभेला जायची. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन.

ताईचं दुखणं बाळंतपणाच्या आधीचं, हे मी पहिल्यांदा सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी ते सोयीनं विसरून टाकलं. लग्नाआधीच ती म्हणायची, चालताना पायांखाली कापूस पसरलाय असं वाटतं. आई हसायची. "गिरणीवाल्याच्या चेडवाक कापूसच दिसतलो." मालवणीत मुलगी म्हणजे चेडू, मुलगा म्हणजे झील. लग्नाच्या वर्षी तिचा एक डोळा मंद झाला नि पुढे आपला आपण सुधारला. नवी नवरी रडरड रडली असेल, असं सासरच्यांनी ठरवलं. ताई फारशी रडणारी नव्हती. पण तिला विचारलं कोणी?

तिला मुलगी झाली. बाळ गोरं, गुटगुटीत, आणि ताईचं दूधही भरपूर. बारसं झालं आणि थोड्याच दिवसांत ताईचे पाय जड झाले.

बाळंतिणीला शेकायची आमच्यात मोठी हौस. मोरीत पाटावर बसवून अंगाला तेल जिरवायचं आणि वर तांब्यामागून तांब्या कढत पाणी, सोसवेल त्याच्याही पुढचं. मग खाटेवर निजवून कान बांधायचे, वर घोंगडी आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग. आमच्या एवढ्याशा खोलीत धूर असा दाटायचा की भिंतीवरचा देव दिसायचा नाही. न्हाऊ घालायला चाळीतलीच एक म्हातारी यायची. तिच्या हातून निम्मी चाळ न्हालेली होती आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

एक दिवस मोरीतून ताईचा आवाज आला. "आये, माका दिसना नाय."

आई धावली. मीही. ताई पाटावर भिंतीला धरून बसली होती, डोळे उघडे, आणि हातानं आईला चाचपडत होती. दोघींनी उचलून तिला खाटेवर आणली. तिचे पाय फरफटत आले. शेगडी तेव्हा पेटायची होती. थोडा वेळ वाऱ्याला पडल्यावर तिला पुन्हा दिसायला लागलं आणि बाळ रडलं तेव्हा तिने स्वतः हात लांबवून त्याला जवळ घेतलं.

म्हातारीनं कंबरेवर हात ठेवून निकाल दिला. "ह्यां सोंग आसा. न्हाताना आंधळी नि जेवताना डोळस."

तो शब्द त्या दिवशी आमच्या घरात शिरला. रोज न्हाताना ताईला दिसेनासं व्हायचं, रोज थोड्या वेळानं दिसायला लागायचं आणि रोज म्हातारी आईकडे बघून मान हलवायची. जे येतं आणि जातं ते दुखणं नव्हे, असा त्यांचा हिशेब. आंधळी असशील तर आंधळी राहा, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू. आणि त्यातूनही काही असलंच तर तो बाळंतवात, आणि बाळंतवाताला उपाय एकच, आणखी शेक. पाणी आणखी तापायला लागलं, शेगडीत कोळसे वाढले, आणि ताई दिवसेंदिवस खाटेला खिळली. आई काही कैदाशीण नव्हती. तिला तिच्या आईनं असंच शेकलं होतं आणि ती उठून कामाला लागली होती. तेवढ्यावरून तिला जगातल्या सगळ्या बायका कळल्या होत्या.

दादाचं दुखणंही त्याच सुमाराचं. तो बरेच दिवस चालताना अडखळायचा, पायातली चप्पल निसटून मागेच राहायची. आईनं त्याला नवी चप्पल घेतली. साच्यांच्या खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा उबट, दमट ठेवतात. तिथे त्याला भोवळल्यासारखं व्हायचं, हात चुकायचा. बाबा म्हणायचे, पोरगा राबतो फार. दादाला सोंग हा शब्द कोणी लावला नाही.

मग एका दुपारी मोर्च्यात तो पडला. भर उन्हात परळपासून चालत गेलेली माणसं, पुढे पोलीस आडवे आले, पळापळ झाली आणि दादा रस्त्यात बसला तो उठेना. चार जणांनी त्याला खांद्यावर घालून चाळीत आणला. मागे घोषणा. सगळी चाळ गॅलरीत. कोणी म्हणालं पाठीत लाठी बसली, कोणी म्हणालं कंबरेत, एकानं तर लाठीचा आवाज ऐकल्याचं सांगितलं.

"अरे, लाठी नाय लागली मला," दादा खाटेवरून सांगत होता. "पाय गेला. आपोआप गेला."

चळवळीतला एक कार्यकर्ता होता. त्याचे डोळे भरून आले. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "याला म्हणतात माणूस. लाठी खाल्ली तरी बोलत नाही."

दादानं दोन-तीन दिवस खरं सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी लोकांचा आदर वाढायचा. शेवटी तो गप्प बसला. हार यायला लागले, केळी यायला लागली, संध्याकाळी त्याच्याभोवती मंडळी बसायला लागली. आता मला सांगा, तीन हातांच्या अंतरावर दोन खाटा. एका खाटेवर पाय गेलेला भाऊ म्हणतोय की मला मार लागला नाही, आणि लोक म्हणतात लागला. दुसऱ्या खाटेवर पाय गेलेली बहीण म्हणतेय की मला दुखणं आहे, आणि लोक म्हणतात नाही. खरं दोघंही बोलत होती. लोकांनी दोघांनाही खोटं ठरवलं, पण एकाला हार घातला.

ते दोघं मात्र एकमेकांना ओळखून होते. दुपारी खोलीत तिसरं कोणी नसलं, म्हणजे मी सोडून, की त्यांचं चालायचं.

"ताय, मान खाली घातली की तुझ्या पाठीतनं करंट जातो काय गो?"

"जाता. बाळाक पाजूक वाकलंय की सरळ पायापर्यंत."

"माझा पण." आणि दोघं हसायची. दादा म्हणायचा, "आपल्या दोघांची वायरिंग एकाच मिस्त्रीनं केलीय." पुढे ती डॉक्टर वायरीचं बोलली तेव्हा मला पहिला तोच आठवला.

शेकण्याचे दिवस संपले आणि वरळीची माणसं ताईला न्यायला आली. सासू, दीर आणि नवरा. ताईला खाटेवरून खाली पाय टेकता येईना. उजव्या हातातून वाटी सुटली. सासूनं ते पाहिलं आणि बाळाला उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

"उद्या पोरगी पण अशीच पाडेल ही," ती आईला म्हणाली. "आम्ही बाळाला नेतो. वरचं दूध लावू. हिचं सोंग संपलं की दोन पायांवर चालत येऊ दे, पोरगी तिचीच आहे. पण चालून दाखवलं पाहिजे."

ताईचा नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. बाबा हात जोडून उभे होते. हात का जोडले ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाळ गेलं. ताईची चोळी दुधानं भिजत राहिली आणि आईनं तिला घट्ट फडकं बांधलं. ताईनं दोनच गोष्टी विचारल्या, बाळाला दूध कोण पाजणार आणि मी कधी चालणार.

चळवळीतल्या मंडळींनी ओळखीपाळखी काढून दादाला एका मोठ्या इस्पितळात खाट मिळवून दिली. जखमी कार्यकर्ता ना. मी बाबांबरोबर त्याचा डबा घेऊन जायची. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पाठीचा कणा तपासला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की मार लागल्याची कुठेच खूण नाही. त्यांना वेगळाच संशय होता. हा रोग गोऱ्या लोकांत असतो, आपल्याकडे फार थोडा, असं ते शिकाऊ पोरांना इंग्रजीत नि बाबांना मराठीत सांगत होते. संशय पक्का करायला त्यांची एक रीत होती. माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं आणि बघायचं.

पडद्याच्या बाहेर मी आणि बाबा उभे होतो. आत पाण्याचा आवाज, मग दादाचा. "डोळ्यांपुढे धुरकट झालं. साहेब, दिसत नाय नीट. पाय पण जड झाले."

दादाला बाहेर काढून पंख्याखाली बसवला. थोड्या वेळानं त्याला भिंतीवरचे आकडे वाचता यायला लागले. डॉक्टर खूश झाले. पोरांना म्हणाले, पाहिलंत, उष्णतेनं वाढतं आणि गारव्यानं उतरतं, आता शंका नको.

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला. "ताईचं पण असंच होतं," मी म्हणाले. मला वाटलं आता सगळं सुटलं. हे मोठे डॉक्टर वरळीला निरोप धाडतील, सोंग नव्हे म्हणून सांगतील आणि बाळ परत येईल. "न्हाताना तिला दिसत नाही आणि मग दिसतं. मान खाली घातली की करंट जातो."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. "घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"नाय साहेब," बाबा म्हणाले.

"मग ही काय म्हणते?"

"हिची भैन बाळंतीण आसा. बाळंतवात. बायकांचा काय ता."

"हां," डॉक्टर म्हणाले. "बाळंतिणींचं मन नाजूक असतं. ते वेगळं, बाळ." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. एवढा शिकलेला माणूस, ज्यानं आत्ता ह्या घटकेला गरम पाण्याचा अर्थ पोरांना शिकवला, त्याला तीच गोष्ट परकर घातलेल्या मुलीनं सांगितली तर ऐकू आली नाही. दादाला गरम पाण्यानं दिसेनासं झालं म्हणून रोग ठरला. ताईला गरम पाण्यानं दिसेनासं झालं म्हणून सोंग ठरलं. मुंबईच्या नळाचंच पाणी दोन्हीकडे.

परतीच्या वाटेवर मी बाबांना विचारलं, तुम्ही नाही का म्हणालात. चालता चालताच ते म्हणाले. "झिलाक रोग झालो तर लोक औषध विचारतत. चेडवाक झालो तर घराणा विचारतत. बाळंतवात बरो होता, तिका परत नेतीत. रोग म्हटल्यार कोण नेतलो? आणि तुझा लगीन व्हयचा आसा." म्हणजे हे माझ्यासाठीही होतं. माझ्या लग्नाची सोय ताईच्या अंगावर, मला न विचारता. त्यांनी ते प्रेमानंच केलं असणार. त्या प्रेमाचा मला आजही राग येतो.

दादा घरी आला तो डॉक्टरांचं पथ्य घेऊन. ऊन नको, गरम पाणी नको, खात्यातलं काम नको. त्याची खाट दारातल्या वाऱ्याला सरकवली. आई ओला पंचा त्याच्या कपाळावर ठेवायची. आणि आतल्या अंगाला, त्याच खोलीत, ताईच्या खाटेखाली पुन्हा शेगडी. बाळंतपण जुनं झालं होतं तरी वात निघेपर्यंत शेकायचं, असं म्हातारीनं सांगितलं होतं ना. दादा ओरडला आईवर, "अगं, तिला पण तेच आहे, शेगडी काढ." आई म्हणाली, "तू पुरुष माणूस, तुका बाळंतिणीतला काय कळता?"

मी नळावरून भरलेली बादली घेऊन आले आणि शेगडीवर उपडी केली. खोलीभर वाफ आणि राख. आईनं मला लाटण्यानं मारलं. ते लाटणं मला लागलं नाही, असं म्हणत नाही, पण त्या वाफेतून ताईचा आवाज आला, "आणखी ओत गो," आणि मग दादा हसायला लागला.

त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून काम चालवलं. आई नळावर किंवा बाजारात गेली की मी माठातल्या पाण्यात फडकं भिजवून ताईच्या पायांना, मानेला गुंडाळायची. पहाटेचा वेळ तिला सगळ्यांत बरा जायचा. उन्हाळा तोंडावर आला होता, पण पहाटे गॅलरीत गार असायचं. मी एका बाजूनं, कठडा दुसऱ्या बाजूनं, अशी ती उभी राहायला लागली. मग पावलं टाकायला लागली. दादा दारातून सांगायचा, टाच टेक, घाई करू नको. एका पहाटे ती मला न धरता नुसत्या कठड्याच्या आधारानं नळापर्यंत गेली आणि परत आली. परत आल्यावर खाटेवर बसून म्हणाली, "वरळीक निरोप धाड. म्हणावं सकाळी येवा. सकाळीच येवा."

निरोप बाबांनी नेला. बाबा त्या दिवशी किती आनंदानं गेले, तेही सांगितलं पाहिजे.

सकाळी आम्ही वाट पाहिली. ताईनं हिरवं लुगडं नेसलं होतं, वेणी मी घातली होती. आठ वाजले, दहा वाजले. आईनं चहाचं आधण दोनदा ठेवलं नि उतरवलं. वरळीची माणसं आली ती दुपारच्या जेवणानंतर, मे महिन्यातल्या उन्हात, कारण सासूला कुठेशी सत्यनारायणाला जायचं होतं. गॅलरीची फरशी तापून पाय भाजत होता. बाळ सासूच्या कडेवर होतं. ताईनं त्याला पाहिलं आणि कोणी काही म्हणायच्या आत उभी राहिली.

"थांब ताय," दादा म्हणाला. "त्यांना बसू दे. संध्याकाळी चाल."

ती थांबली नाही. कशी थांबेल? उंबरा ओलांडून गॅलरीत आली, तीन-चार पावलं टाकली आणि तिची नजर गेली. मला दिसलं ते, कारण ती बाळाकडे बघत होती आणि तिचे डोळे बाळाच्या बाजूनं निघून गेले. मग गुडघे गेले. ती तोंडावर पडली.

"सकाळी चालली," बाबा म्हणत होते. "देवाशप्पथ, सकाळी नळापर्यंत चालली."

"सकाळी चालते आणि आम्ही आलो की पडते," सासू म्हणाली. "मग आणखी काय म्हणतात सोंगाला?"

दादानं दारातून ओरडून सांगितलं की मला तेच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हानं होतं. सासूनं त्याला वाकून नमस्कार केला. "तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही लाठी खाल्लीत." आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं ऐकलं होतं, पण इथे दोघं एकाच आईची होती.

ताई त्यानंतर उभी राहिली नाही. पुढे कधीतरी वरळीहून कळलं की जावयानं दुसरं घर केलं आहे. कायदा नव्यानंच आला होता म्हणे, दोन लग्नं करता येत नाहीत असा. त्यांनी लग्न केलंच नाही, बाई नुसती आणून ठेवली. दादाचं मात्र लग्न झालं, बँड लावून. काठी घेऊन चालणाऱ्या दादाला साताऱ्याकडच्या एका घरानं मुलगी दिली, देशासाठी पाय दिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. त्या वहिनीनं जन्मभर त्याचं सगळं केलं. तिला कोणी हार घातला नाही.

महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी चाळीत तोरणं होती, पणत्या होत्या, पेढे होते. दादाला खुर्चीत बसवून खाली अंगणात नेलं, शाल दिली. वरळीची मंडळी आली, कारण आता अशा माणसाशी नातं आहे हे दाखवायला बरं असतं. बरोबर ताईची मुलगी, चार वर्षांची, नवा फ्रॉक घातलेली. तिला मामाच्या पाया पडायला लावलं. गर्दीत ती कंटाळली आणि मी तिला पेढा द्यायला वर आणलं. खरं म्हणजे ताईला दाखवायला आणलं.

ताईला मी तेच हिरवं लुगडं नेसवून भिंतीला टेकून बसती केली होती. ती मुलीकडे बघत राहिली. हात हलत नव्हते, पण बोलता येत होतं. तरी ती बोलली नाही. मुलगी माझ्या पाठीमागे सरकली आणि तेवढ्यात तिची आजी मागोमाग वर आली.

"ती कोण?" मुलीनं विचारलं.

"मामाच्या घरची आजारी बाई," आजी म्हणाली. "चल खाली."

मी तोंड उघडलं, आणि ताईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. नको. पोरगी घाबरेल, एवढंच ती नंतर म्हणाली. खाली लोक महाराष्ट्राचा जयजयकार करत होते. पुढच्या पावसाळ्यात तिच्या पाठीला जखमा झाल्या, छाती भरली आणि ती गेली. वरळीकडून कोणी आलं नाही आणि आमचं येणं-जाणं तिथेच तुटलं. दादा पुष्कळ वर्षं जगला. मरेपर्यंत चाळीतली पोरं त्याला विचारायची, लाठी कुठे लागली होती, आणि तो म्हणायचा, "माझ्या बहिणीला."

भाचीची माझी गाठ पडली ती आत्ता, तिच्या लेकीचं दुखणं निघालं तेव्हा. कुठूनतरी नंबर मिळवून तिने मामाच्या आजाराचं फोनवर विचारलं आणि मी दवाखान्यात येते म्हणून सांगितलं. आईबद्दल तिने विचारलं नाही, मला वाटलं ती माहीत असूनही टाळते आहे. म्हणून तिने डॉक्टरसमोर "बाकी कुणाला नाही" म्हटलं तेव्हा मला इस्पितळातले बाबा दिसले. तोच शब्द, तसाच खाली बघून.

"हिच्या आईला होतं," भाचीकडे बोट दाखवून मी डॉक्टरला म्हणाले. "मामाच्या आधी तिला झालं. पहिलं तिचं लिहा."

डॉक्टरचे हात थांबले. "तपासलं होतं का आजी, कुणी?"

"नाही तपासलं. म्हणून तर तुमच्या नोंदींत बरोबरी आहे." आणि मी तिला सगळं सांगितलं, कापूस, डोळा, मोरीतलं कढत पाणी, टबातलं गरम पाणी. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरून नर्स डोकावून गेली. डॉक्टरनं मधे तोंड घातलं नाही. गरम पाण्याची ती तपासणी जुनी, आता कोणी करत नाही, म्हणाली. मग म्हणाली, "खात्रीनं नाही लिहिता येणार मला. दाट संशय म्हणून लिहिते."

"लिहा," मी म्हणाले. जन्मभर लोकांनी माझ्या बहिणीवर संशयच घेतला, निदान हा तरी खरा होता.

भाची माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा ताईसारखा नाही, वरळीवाल्यांवर गेलाय. पण पदराचं टोक बोटाला गुंडाळायची सवय ताईची.

"मावशी, आई तर माझ्या बाळंतपणात गेली ना?" ती म्हणाली. "मला आजीनं तसंच सांगितलं. मी झाले आणि ती गेली. म्हणून आमच्याकडे माझा वाढदिवस कधी केला नाही."

एवढी वर्षं मी ताईसाठी चिडत होते, आणि ही पोर एका बाजूला आपल्या जन्माची शिक्षा भोगत बसली होती.

"तू चार वर्षांची होतीस," मी म्हणाले. "तू तिला पाहिलंस. मी तुला पेढा दिला होता, आणि भिंतीला टेकून एक बाई बसली होती."

तिने पदराचं टोक बोटाला आणखी घट्ट गुंडाळलं. मग विचारलं, "हिरवं लुगडं?"

"हिरवं."

ती डॉक्टरकडे वळली आणि शाळेतल्या मुलीसारखं खालच्या आवाजात म्हणाली, "मग माझ्यामुळे नाही ना झालं तिला?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "बाळंतपणानं हा रोग होत नाही."

भाचीनं पदराचं टोक सोडलं. मग तिने डॉक्टरला आपल्या आईचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि ते बरोबर लिहिलंय का ते बघायला खुर्चीवरून उठून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ गेली.